मुक्या नोकराचं काम

आमच्या गावच्या नाटकात एक नोकर असायचाच. गोष्ट राजाची असो, पाटलाची असो नाहीतर राजधानी पोर्ट लुईच्या कचेरीतल्या कारकुनाची, पडदा सरकला की माझा थोरला भाऊ खांद्यावर फडकं टाकून काहीतरी झाडत-पुसत उभा दिसायचा. तो दिसला की माणसं तोंड उघडायच्या आधीच हसायला लागायची.

बेटाच्या दक्षिणेला, शमें ग्रेनिएच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्यांच्या मधोमध आमचं गाव. मराठी घरं थोडी, देऊळ एक, आणि देवळाला लागून पत्र्याच्या छपराची बैठका, म्हणजे गावाची जमायची खोली. संध्याकाळी तिथे मुलांना मराठी शिकवत. गणपती जवळ आले की शनिवार-रविवारी दुपारी मोठी माणसं तिथेच नाटकाची तालीम करत. पाऊस आला की पत्र्याचा आवाज एवढा व्हायचा की तालीम थांबवून सगळे गातो पिमां खात बसत. डाळीची ती तिखट भजी कुणाची तरी बायको पाटीभर करून पाठवायची.

नाटक मराठीतच झालं पाहिजे, यावर गावाचं एकमत होतं. पण नाटकातलं मराठी धड कुणाला येत नव्हतं. घरी आम्ही बोलायचो ते पणजोबांबरोबर कोकणातून आलेलं, मधे मधे बेटावरची क्रेओल बोली मिसळलेलं. पुस्तकातली वाक्यं आम्हाला परक्या माणसाच्या अंगातल्या कोटासारखी वाटायची. देवनागरी वाचणारे थोडेच. म्हणून एकाने वाक्य म्हणायचं आणि दुसऱ्याने ते तोंडात घोळवत घोळवत उसात न्यायचं, अशी आमची रीत. अर्थ कळलाच पाहिजे असं नव्हतं. आईचं काम करायचा तो आमच्या रस्त्यावरच्या बसचा कंडक्टर. त्याने एका वर्षी 'बाळा, तू निघालास?' याच्यापुढची 'पदर डोळ्याला लावते' ही सूचनाही खड्या आवाजात म्हणून टाकली होती, आणि मग आपण काहीतरी चुकलो हे जाणवून पदर खरोखरच डोळ्याला लावला होता.

अशा माणसांची नाटकं शेवटाला जायची ती माझ्या भावामुळे. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला ते दिसलं नाही, किंवा दिसलं असूनही मी त्याला किंमत दिली नाही. यातलं खरं कोणतं, ते मलाच अजून ठरवता येत नाही.

भावाला अक्षर येत नव्हतं. वडील गेल्यावर तो लहानपणीच उसात कामाला लागला आणि मी शाळेत राहिलो. पण मी घरी ओसरीवर बसून सगळ्यांची कामं मोठ्याने वाचायचो, आणि तो कोयत्याला धार लावता लावता ऐकायचा. पंधरवड्यात अख्खं नाटक त्याच्या डोक्यात असायचं, पाटलाचं, आईचं, नायकाचं, सगळ्यांचं. मग रंगमंचावर कुणी अडलं की नोकर पुढे व्हायचा.

पाटलाचं काम नेहमी आमच्या गावच्या पोलीस शिपायाकडे असे. धिप्पाड माणूस, आवाज असा की बैठकेचे पत्रे हलावेत, पण पाठांतराच्या नावाने शून्य. वाक्य फ्रेंच अक्षरांत लिहून तो टोपीत ठेवायचा आणि ऐन वेळी टोपी घालायलाच विसरायचा. एकदा असाच तो पुढचं विसरून डोळे वटारून उभा राहिला. भाऊ फडकं झटकत त्याच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "पात्रों, मालक, मला ठावं हाय तुमी आता काय इचारणार. 'या घराची अब्रू कुणी वेशीवर टांगली?' आसंच इचारणार ना? बे, मो पा कोने, मला नाय म्हाईत! मी तर आत्ता झाडू मारून आलो!"

शिपायाला वाक्य सापडलं. तो गरजला, "या घराची अब्रू कुणी वेशीवर टांगली?"

"आयो! बोल्लो नव्हतो?" भाऊ लोकांकडे बघून म्हणाला.

लोक बाकावरून खाली पडायचे बाकी राहिले. त्यांना वाटलं, हे नाटकातच आहे. शिपायाची मिशी सुटली तेव्हाही भाऊच धावला. "धरा पात्रों, रागावलात की तुमची मिशी आधी पळते!" असं म्हणत त्याने ती परत चिकटवली आणि चिकटवता चिकटवता पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडलं.

वर्षभर भाऊ साधा माणूस होता. मळ्यात ऊस लादायचा, मुकादमाच्या शिव्या खायचा, घरी येऊन गप्प जेवायचा. गणपतीच्या दिवसांत मात्र दुकानात, बसमध्ये, देवळात लोक त्याला थांबवून विचारत, "यंदा काय बोलणार रे?" शिपाई, कंडक्टर, दुकानदार, सगळे त्याच्या बरोबरीने बाकावर बसत आणि त्याच्यासाठी जागा करत. त्या बाकावरची जागा हीच त्याची सगळी कमाई होती. हे तर मला तेव्हाही कळत होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी शिक्षक होऊन गावात आलो. शुद्ध मराठी शिकून आलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता. तालमी माझ्याकडे आल्या. रोझ हिल शहरातल्या मोठ्या थिएटरात मराठी नाटकांची स्पर्धा व्हायची, तिथे आपलं नाटक न्यायचं असं मी ठरवलं. स्पर्धेत क्रेओल चालत नसे, शब्दागणिक गुण कापत. भाषा जगवायची तर ती निर्मळ राखली पाहिजे, असं मी बैठकेत भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण भावाच्या तोंडून क्रेओल जाईना. मी वाक्य सुधारून द्यायचो, तो ते नीट म्हणायचा, आणि पुढच्याच दमाला स्वतःचं काहीतरी जोडायचा. मी चिडलो. एका रविवारी तालमीनंतर मी त्याला म्हटलं, "दादा, मी नाटक थोडं बदललंय. नोकर मुका आहे."

तो सतरंजी गुंडाळत होता. "मुका? म्हंजी कायच नाय बोलायचं?"

"काहीच नाही. नुसत्या खुणा."

"बरं," तो म्हणाला. सतरंजी कोपऱ्यात ठेवून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पर मग ह्यांस उचलील कोण?"

"कुणाला?"

"ह्यांस. अडले तर."

"अडणार नाहीत. पाठ करतील. स्पर्धा आहे दादा, खेळ नाही."

"तू गुरुजी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो मला खरोखर गुरुजी मानायचा, आणि माझा तोच आधार होता.

पुढच्या तालमीत इतरांना कळलं तेव्हा कंडक्टर साडीचा बोळा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी, ह्याला मुका केला? मग बघायला कोण यील?"

"परीक्षक येतील," मी म्हणालो.

"ते हसत्यात का?"

कुणी हसलं नाही. भाऊच म्हणाला, "आरं, बरं झालं. घसा तरी वाचंल माझा." आणि त्याने खुणा करून दाखवल्या, पाटलाच्या मिशीच्या, आईच्या पदराच्या. सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं, जमलं.

रोझ हिलला आम्ही एका भाड्याच्या बसने गेलो. वाटेत क्युरपीपच्या धुक्यात शिपाई वाक्यं पुटपुटत होता, आणि मागच्या बाकावर भाऊ डोळे मिटून बसला होता, ओठ हलत होते. मला वाटलं तो झोपेत आहे. आता वाटतं, तो सगळ्यांची वाक्यं एकदा शेवटची म्हणून घेत होता.

ते थिएटर आम्ही कुणी आतून पाहिलं नव्हतं. लाल मखमली खुर्च्या, वर सज्जे, समोर इतका काळोख की माणसं दिसेनात. आमच्या बैठकेत पहिल्या रांगेतल्या म्हातारीचं खोकणंसुद्धा ओळखता येई. इथे समोर विहीर होती. मी विंगेत वही घेऊन उभा राहिलो.

पहिला प्रवेश बरा गेला. दुसऱ्यात पाटील मुलाला घराबाहेर काढतो. सगळं नाटक त्या प्रसंगावर उभं होतं. शिपाई पुढे आला, हात वर केला आणि थांबला.

मी वाक्य सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं, तर समोर काळोखात कुणीतरी हसलं आणि शिपाई आणखीच गोठला. कंडक्टर आईच्या वेषात एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीकडे बघत होता. त्याला फक्त स्वतःची वाक्यं येत होती, आणि ती पाटलाच्या नंतरची होती.

भाऊ तबक घेऊन शिपायापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला स्पष्ट कळली. तो विचारत होता, बोलू का? त्याच्याकडे वाक्य होतं. नुसतं वाक्यच नव्हे, ते द्यायची युक्तीही त्याला एवढ्यात सुचली असणार. मुका नोकर एकदम बोलला असता तर थिएटर हसलं असतं, कदाचित टाळ्याही पडल्या असत्या. गुण गेले असते. नाटक वाचलं असतं.

मी मान हलवली. नाही.

त्याने नजर खाली घेतली आणि तबक धरून उभा राहिला. मी आणखी दोनदा वाक्य सांगितलं. काळोखात खुर्च्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी घातली. शेवटी पडदा ओढणाऱ्याने आपल्याच मनाने पडदा ओढला.

स्पर्धेच्या शेवटी एका परीक्षकाने प्रत्येक नाटकावर दोन शब्द सांगितले. आमच्याबद्दल म्हणाला की नटांनी पाठांतर करून यावं, मात्र मुक्या नोकराचं काम संयमाचं होतं. ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हेही इथे सांगून टाकतो.

परतताना बसमध्ये कंडक्टर मागे वळून म्हणाला, "आरं, तू तिथं व्हतास की! समदं पाठ तुला. खांबावानी उभा काय ऱ्हायलास?"

"मुका व्हतो ना मी," भाऊ म्हणाला.

दोघं-तिघं हसले. शिपाई हसला नाही. त्याचा रंग अजून तोंडावर होता, आणि घामाने मिशीच्या जागी काळा ओघळ आला होता. तो म्हणाला, "मुका बिका काय नाय. ह्यानं मुद्दाम केलं. भावानं बोलणं काढून घेतलं, त्याचा राग माझ्यावर काढला. मला तिथं नागडा उभा केला."

"नाय रे भावा," भाऊ म्हणाला.

"मग का नाय बोल्लास?"

भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुढच्या बाकावर होतो. त्याने एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण बोलायला कुणी बघावं लागत नाही. 'मी मान हलवली, मी नको म्हटलं,' एवढंच सांगायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकीत माझंच तोंड दिसत होतं.

"बे, की पू फेर," भाऊ शेवटी म्हणाला. म्हणजे, आता काय करायचं.

गावात ती गोष्ट शिपायाने सांगितली तशीच पसरली. रोझ हिलला गावाची लाज गेली ती शिपायामुळे नव्हे, माझ्यामुळेही नव्हे. नोकराच्या आकसामुळे गेली. दुकानात लोक त्याला विचारेनासे झाले. मळ्यात पोरं त्याला 'मुका' म्हणून हाक मारत, आणि तो ओ द्यायचा. आमच्या आईच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला विचारलं, "त्यानं खरंच मुद्दाम केलं का रं?"

"मला कसं माहीत असणार आई," मी म्हणालो.

"तू तिथंच व्हतास ना?"

"काळोख होता."

ती चुलीकडे वळली. ती मरेपर्यंत तिला वाटत होतं की तिच्या थोरल्याने एकदा तरी कुणाचं वाईट केलं. तिला खरं सांगायला किती तरी सकाळी होत्या, मी तिच्या शेजारी बसून चहा प्यायचो.

पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा शिपायाने बजावलं, "त्यो तरी यील नाहीतर मी तरी." बैठकेची परवानगी, सामानाची लॉरी, सगळं शिपायाच्या ओळखीने व्हायचं. मी भावाला काही सांगितलं नाही. तो पहिल्या रविवारी दारापर्यंत आला, आत बाकावर शिपाई बसलेला पाहिला, चपला न काढताच म्हणाला, "मुकादमानं बोलावलंय," आणि गेला. रविवारी मळ्याला सुट्टी असते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

नोकर नसलेलं ते नाटक अगदी शुद्ध होतं. सगळ्यांनी पाठ केलं होतं आणि सगळे पाठ म्हटल्यासारखे बोलले. मागून एक पोर ओरडलं, "नोकर कुठं?" त्याच्या बापाने त्याला गप्प केलं. त्यानंतरच्या वर्षी अर्धे बाक रिकामे होते. मग व्हिडिओ आला. गणपतीत बैठकेत टीव्ही ठेवून हिंदी सिनेमे लावू लागले. शिपायाची बदली झाली. कंडक्टर म्हणे, साडी नेसायचं वय गेलं. मी रोझ हिलच्या एका शाळेत लागलो आणि तिथेच घर केलं. नाटक बंद पडलं हे कुणी जाहीर केलं नाही. एका वर्षी तालमीचं कुणी विचारलं नाही, एवढंच.

त्या थिएटरावरून मी रोज बसने जायचो. मुलांना मराठी शिकवायचो. मुलं वहीत सुबक अक्षर काढत आणि वर्गाबाहेर पडताच क्रेओल बोलत. मी त्यांना कधी रागावलो नाही. रागावण्याचा हक्क मी कुठे घालवला ते मला ठाऊक होतं.

गावाकडे जायचो तेव्हा भाऊ माझ्याशी क्रेओल बोलायचा. आधी दोन भाषा मिसळून बोलायचा, हळूहळू मराठी संपली. त्याने ते रागाने केलं असं मला वाटत नाही. माझ्यासमोर मराठी बोलताना तो वाक्याच्या मध्येच थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मग क्रेओलवर यायचा. चूक होईल का, हे तो बघत होता.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा एका रविवारी मी ठरवून गेलो. भावाशी बोलायचं, मग देवळात आरतीनंतर चार माणसं असतात त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं. शिपाई नसला तरी कंडक्टर होता, दुकानदार होता. वाटेत बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो.

वहिनीने चहा ठेवला. भाऊ अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्याची धाकटी मुलगी कॉलेजात, म्हणजे आमच्याकडच्या हायस्कुलात होती, परीक्षेला मराठी घेतलं होतं; नाटकं बंद पडली तेव्हा ती अगदी लहान होती. ती मला काका म्हणत नसे, तोंतों म्हणे. वही घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तोंतों, आमच्या मिसने सांगितलं, आपल्या गावात पूर्वी मराठी नाटकं व्हायची. खरं?"

"व्हायची," मी म्हणालो.

"कोण करायचं? तुम्ही?"

मी अंगणात पाहिलं. भाऊ दाणे टाकायचा थांबला होता. हीच वेळ होती. ज्या माणसांना सांगायचं होतं त्या सगळ्यांपेक्षा ही पोरगी महत्त्वाची होती, हे मला तिथेच कळलं. तुझ्या बापाला सगळी नाटकं पाठ होती. तुझा बाप दिसला की लोक हसायचे. एवढं सांगायचं होतं.

"पापा पण होते?" तिने अंगणाकडे वळून विचारलं.

भाऊ दारात आला. कित्येक वर्षांनी मी त्याला मराठी बोलताना ऐकलं. तो माझ्याकडे न बघता, एकेक शब्द जपून, अगदी पुस्तकातल्यासारखा बोलला. "नाही गं बाळा. नाटक तुझे काका करायचे. मी तिथे फक्त सामान उचलत होतो."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. "तोंतों, मग तुम्हीच सांगा ना, कसं असायचं?"

आणि मी सांगितलं. पत्र्याची बैठका सांगितली, पाऊस सांगितला, कंडक्टरची साडी सांगितली, शिपायाची सुटलेली मिशीसुद्धा सांगितली. मिशी कुणी परत चिकटवली ते मात्र सांगितलं नाही. ती खूप हसली. भाऊ चौकटीला टेकून ऐकत होता. माझं सांगून झालं तेव्हा चहा निवला होता, म्हणून वहिनीने तो परत तापवायला नेला. देवळात आरतीची घंटा सुरू झाली.

"चला," भाऊ क्रेओलमध्ये म्हणाला, "तुझी बस चुकेल."

मी देवळात गेलो नाही. स्टॉपवर जाऊन उभा राहिलो.